स्क्रीनवरचं बोट

साडी घेताना अजून मी मनात आधी ‘लाईट का डार्क’ विचारते. ही सवय एका कॉम्प्युटरवाल्याने लावली. लातुरात आमच्या क्लासच्या जाहिराती तो कॉम्प्युटरवर करायचा. मी ‘पोपटी’ म्हटलं की खेकसायचा, “असं न्हाई, मॅडम. आधी लाईट का डार्क, मग ब्राईट का डल, मग रंग.” स्क्रीनला कुणाचं बोट लागलं की लगेच रुमालाने पुसायचा.

एकदा मी जाहिरातीसाठी बसले होते, तेव्हा किल्लारीची एक म्हातारी भूकंपात गेलेल्या लेकीचा काळा-पांढरा फोटो घेऊन आली. परकराचा रंग भरून हवा होता. तो लाईटचं डार्क, ब्राईटचं डल असा एकेक शब्द बदलून रंग दाखवत राहिला.

“हा का, मावशी?”

“न्हाई. जरा इटलेला, धुऊन धुऊन गेलेला.”

‘लाईट, डल, ग्रीन’ला ती “हाव, ह्योच” म्हणाली आणि स्क्रीनवरच्या परकरावरून हात फिरवत राहिली.

ती गेली. माझी जाहिरातही झाली. रुमाल त्याच्या खिशातच होता.