साठच्या रकान्यातला आठ

मी डोंबिवलीची. दोन मिनिटं गप्प बसायचं म्हटलं तरी माझा जीव कासावीस होतो. काम मात्र नेमकं असं मिळालं, की तासभर तोंडाला कुलूप. कोलशेतच्या कंपनीत मी नव्या गाड्यांचा आतला आवाज तपासते. गाडीत दोन इंजिनियर, दोघांचे वेगळे कागद. चाळीस, साठ, ऐंशीच्या वेगाला आवाज कसा वाटला, त्याला दहापैकी आकडा द्यायचा. आवाज जितका खुपेल तितका आकडा खाली. यंत्रं आवाज मोजतात, पण तो माणसाला खुपतो का, हे माणसानेच सांगायचं असतं. म्हणून दोघांचे आकडे लिहून होईपर्यंत बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही.

हा नियम मला माझ्या जोडीला असणाऱ्या, वयाने मोठ्या सरांनी शिकवला. गाडी तेच चालवत, त्यामुळे ते शीळफाट्याच्या टपरीवर थांबल्यावर लिहीत. डिझेल गाडीतलं कोणतं बेअरिंग गेलंय, हे ते नुसतं ऐकून सांगायचे. तरुणपणी इंजिनांच्या चाचणीखोलीत त्यांनी कानात बोळे कधी घातले नाहीत. बोळे घातले तर ऐकणार काय, म्हणायचे.

बॅटरीच्या गाड्या आल्या आणि सर स्वतःच नियम मोडायला लागले. टपरीवर थांबलो की आधी विचारायचे, "अगं, तुझे किती?" मग आपले आकडे लिहायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझा कान तयार झाला म्हणून सर विचारतायत, असं मी घरीही सांगितलं. मूर्खपणा माझाच.

त्या सकाळी साठच्या वेगाला मोटरची बारीक शिट्टी येत होती, दात शिवशिवतील अशी. मी चार दिले. पण चाळीसचा आणि साठचा आकडा मी एकदमच लिहिला, गाडी खड्ड्यांतून चाललेली, माझं लक्ष शिट्टीकडे, आणि चार पडला चाळीसच्या रकान्यात. चाळीसचा आठ साठला गेला. टपरीवर सरांनी विचारलं तेव्हा मी कागदावर होतं तसं वाचून दाखवलं. अर्धा चहा झाल्यावर चूक कळली. खोडायला पेन काढलं आणि नजर सरांच्या कागदावर गेली. चाळीसला चार, साठला आठ. खाली त्यांच्या सुबक अक्षरात शेरा: साठला मोटर शांत.

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. "सर, साठला शिट्टी नाही ऐकलीत?"

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "वरच्या पट्टीचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत मला आता. नातीला ताप होता, थर्मामीटर वाजला. मला कळलंच नाही."

मी गप्प राहिले तर गाडी तशीच पुढे जाणार होती. बोलले तर सरांचं काम जाणार होतं, आणि त्यांना दुसरं काही आवडतही नव्हतं. मला रडू यायला लागलं. सरांनी आपला कागद फाडला, नवा घेतला, सगळ्या रकान्यांत रेघा मारल्या. शेऱ्यात लिहिलं: मला ऐकू येत नाही, यापुढे माझे आकडे धरू नयेत. सही केली. "साहेबांकडे तूच दे," म्हणाले. "माझा हात मागे येईल."

मी माझे आकडे दुरुस्त केले आणि दोन्ही कागद पिशवीत ठेवले.

परतताना गाडी साठवर आली तसं त्यांनी विचारलं, "आता येतोय?"

"येतोय, सर."

"कसा? काढून दाखव."

मी ओठ आवळून बारीक सूर काढला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी थोडा खाली आणला. तरी नाही. आणखी खाली, आणखी खाली.

"हां," ते म्हणाले. "असा आहे होय."

मी हो म्हटलं. गाडीचा आवाज त्याच्या कितीतरी वर होता, आणि तो मला एकटीलाच ऐकू येत होता.