आठवा गोल

आठवा गोल बसला आणि आमची माणसं हसली. मीही हसले, कारण गोल माझ्या नातवाचा होता. डोंगराकडच्या कॉलेजचा गोलकीपर जाळीतून चेंडू काढत होता. त्यांना यंदाच स्पर्धेत घेतलं होतं.

"नवी कॉलेजं सगळी आपल्या गटात ओढली," स्पर्धेच्या समितीवरचा माझा मुलगा कुजबुजला. "तगडी पलीकडच्या गटात. आपण सरळ फायनलला!"

"लाज नाही वाटत?"

"आई, गट असेच पाडतात."

पंगतीतही आम्ही हेच करतो. आपली माणसं वाढप्याजवळ बसवतो, परकी टोकाला. त्यांच्या पानापर्यंत भाजी पोचली नाही, की तुम्हीच उशिरा बसलात म्हणतो.

मुलाने पेढा पुढे केला. तो मी हातातच धरून बसले. हसलो आम्ही सगळे. ते आठ गोल सोसले त्या एकट्या पोराने.