गाठीभोवतीची राखण

आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. होऊन साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. त्यामुळे आईच्या गालातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा देवावर भार टाकून बसणं मला जमेना. तिनं जन्मभर त्याच बाजूच्या दातांना तंबाखूची मिश्री लावलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी गाठ कापून काढली आणि बजावलं की आता किरणांचा शेक घ्यायलाच हवा, नाहीतर पुन्हा उठेल.

शेक म्हणजे अंगावर वीज घेणं, असं आईच्या मनानं घेतलं होतं. गावी आल्यावर ती हटून बसली. शेवटी म्हणाली, "भैरोबाला कौल लावू. त्यो म्हनला तर येते."

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. एकही कळी हलली नाही.

"देव बोलंना, आक्का," गुरव म्हणाला.

"मंग मी बी हालत न्हाई."

"आई, कळी वाळली की पडंल. तवर गाठ थांबनार हाय का?"

"तुझं कालिज ठिव तिकडं. त्यानं सांगितल्याबिगर मी जायची न्हाई."

माझा देवावरचा उरलासुरला विश्वास त्या दिवशी उडाला. वेळेला बोलत नाही तो देव कसला?

आई येत नाही हे कळवायला आणि गाठीच्या तपासणीचा कागद आणायला मी एकटाच पुण्याला गेलो. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतला कारकून जेवायला गेलेला. आतून एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या आणि माझं तोंड बघून त्यांनी काय झालं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, कौलासकट. त्या हसल्या नाहीत. "बी.एस्सी. ना तुम्ही? मग या, स्वतःच बघा," म्हणाल्या आणि त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

काचेवर आईच्या गाठीचा पातळ काप होता. मधे कॅन्सरच्या पेशींचे वेडेवाकडे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्याला वेढून बारीक निळ्या ठिपक्यांची दाटी.

"हे ठिपके काय, बाई?"

"तुमच्या आईच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, रंग घातल्यानं निळ्या दिसतात. रोगाला अडवायला जमल्यात. काही गाठींभोवती कुणीच फिरकत नाही. जिथं अशी गर्दी असते, तिथं रोगी जास्त टिकतात असं आमच्या पाहण्यात आहे. नेमकं का, ते अजून नीट कळलेलं नाही. हमी देत नाही मी. पण शेक चुकवू नका."

"यांना बोलावलं कुणी?"

"बोलवावं लागलं नाही," त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले आणि काचेवरचं सगळं पुसट झालं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, की ज्वारीच्या राखणीला माणसं उभी राहावीत तशी तुझ्या गाठीभोवती तुझ्याच रक्ताची माणसं उभी दिसली. तिनं गालावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी त्यो कवाच आत यिऊन कामाला लागलाय. आन् मी खुळी त्याला देवळात इचारीत बसले. चल लेका, पिशवी भर."

शेक सोपा गेला नाही. गाल आतून सोलवटला, ती पेजेवर राहिली. पण त्या यंत्राखाली तिनं आपणहून मान ठेवली, डोळे मिटले आणि हात सैल सोडले. शरण जाणं म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं. उपचार सगळे घ्यायचे आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं.

गाठ अजून उठलेली नाही. कधीच उठणार नाही, असं मी म्हणत नाही. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. कुठं असतील तिथं त्यांना माझा नमस्कार. काल आईनं पहिल्यांदाच दुधात न कुस्करलेली भाकरी मागितली. "जरा कडक दे," म्हणाली. तिला ती चाववेल का, हे मी विचारलं नाही. तव्यावरची भाकरी काढून ताटात वाढली आणि तिच्या शेजारी बसून राहिलो.