डाव्या बुटाची गाठ

ऑक्टोबरमधला शनिवार, दुपार. अमेरिकेतलं ॲन आर्बर, एका हायस्कूलचं फुटबॉलचं मैदान. हजर: टायलर डोक्यापाशी, ब्रिआना खांद्यापाशी, होर्हे कमरेपाशी, माया पायांपाशी. आणि पेशंट म्हणून आडवी झालेली मी.

त्या दिवशी जे घडलं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खेळाडूंच्या दुखापती बघणं हे माझं काम, आणि ते शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर देखरेख करणं हेही. त्या दिवशी सराव होता तो मानेला मार लागलेल्या खेळाडूला धक्का न लावता वळवून स्ट्रेचरसारख्या सपाट बोर्डवर घेण्याचा. मी डोळे मिटून सूचना देत होते.

"काकू, तुम्ही बेशुद्ध आहात ना? मग इतकं बोलताय कशा?" माया म्हणाली. ती आमच्या ओळखीतली, इथेच जन्मलेली.

मी गप्प झाले. टायलरने एक-दोन-तीन मोजलं, चौघांनी मला एकदम कुशीवर घेतलं... आणि कुणीतरी माझ्या डाव्या बुटाची लेस ओढली. दोनदा, घट्ट. मग गाठीचे फासे अंगठ्याने लेसखाली खोचले.

श्रीधर, माझे मिस्टर, असेच बांधायचे. मी एकदा बर्फात घसरले, तेव्हापासून रोज दारात उकिडवे बसायचे. "लोकांचे घोटे तू सांभाळ, तुझे मी बघतो." मी म्हणायची, "उठा हो, शेजारी बघतायत!" ते गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा येतोय.

उठून पाहिलं. उजव्या बुटाला माझी साधी गाठ. डाव्याला दुहेरी, फासे आत खोचलेले.

"माया, ही तू बांधलीस?"

"नाही काकू, आय स्वेअर! माझे दोन्ही हात तुमच्या पायांखाली होते. सोडले असते तर तुम्हीच ओरडला असता."

ओरडलेच असते. बाकीच्यांचेही हात गुंतलेले. फीडबॅकसाठी व्हिडिओ घेतला होता, त्यात नेमका माझा पाय मायाच्या पाठीआड. सकाळी मीच तशी बांधली असेल? पण ते फासे खोचणं मला कधी जमलंच नाही — आणि ते ओढणं मला जाणवलं, त्याचं काय?

त्यानंतरच्या प्रत्येक सरावात पेशंट मीच. "आम्हालाही आडवं होऊ द्या ना, यार," माया कुरकुरते. मी डोळे मिटून वाट बघते. काही होत नाही.

तो बूट मी लेस न सोडताच घालते, काढते. परवा मायाची घोटा तपासण्याची परीक्षा होती, आणि पाय माझे. उजवा तिने छान तपासला. मग डाव्याची लेस धरली.

"राहू दे," मी म्हटलं. "तसाच ओढून काढ."

"दुखावलेल्या पायातून बूट ओढायचा नाही, काकू. तुम्हीच शिकवलंत. आणि दोन्ही बाजू तपासायच्या, हेही."

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, आज वेळ संपली. अजून मायाच्या परीक्षेवर सही व्हायची आहे, आणि डावा घोटा तपासायचा राहिलाय.