मोजणीबाईंचा उजेड

खराडीच्या ऑफिसात रुजू झालो त्याच आठवड्यात मी एक दिवा चित्रापासून दीड किलोमीटर लांब लावला. प्रत्यक्षात नव्हे, कॉम्प्युटरवर. आमचं काम म्हणजे घर पुरं व्हायच्या आधी ते सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि भिंतीवरच्या चित्रांवर कुठल्या दिव्याचा किती उजेड कसा पडेल ते मालकाला आधीच दाखवायचं. मला दिवा पंधराशे मिलिमीटरवर हवा होता. मी मिलिमीटरऐवजी मीटर टाकले. पडद्यावर मिट्ट काळोख. मी माउस आपटला, कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शेवटी तो बंद करून पुन्हा चालू केला. एकोणपन्नासाव्या वर्षी नवं काही शिकायला निघालेल्या माणसाकडे एवढेच उपाय असतात.

मागे एक बाई येऊन उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, हातात जेवणाचा डबा. पडदा नीट न्याहाळून म्हणाल्या, "दिवा उत्तम लागलाय तुमचा. फक्त दुसऱ्याच कोणाच्या घरात लागलाय."

या आमच्या सगळ्यात सीनियर मॅडम. पाठीमागे त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. मूळच्या भंडाऱ्याच्या. वीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे बोलणं पुण्याइतकंच तोकडं झालं होतं, पण राग आला किंवा फार आनंद झाला, की आतला भंडारा वर यायचा. पर्समध्ये कंगव्याशेजारी लेझरचं मापयंत्र असे. कॅन्टीनचं टेबल, लिफ्टचं दार, ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नाचं स्टेज, सगळं त्यांनी मोजलेलं होतं. कोणी "साधारण आठ फूट असेल" म्हणालं, की त्या म्हणत, "अंदाज घरी ठेवून यायचा जी. इथं जागा कमी आहे."

चित्रावरचा दिवा तीस अंशांत का लावायचा, हे त्यांनी मला माझ्याच डोक्यावर शिकवलं. मोबाइलची बॅटरी माझ्या कपाळाच्या अगदी वर धरली, तर भुवयांची सावली गालापर्यंत आली. "ही चौकटीची सावली." मग बॅटरी लांब समोर नेली, तर टक्कल असं चमकलं की दोन मुलींनी तोंड फिरवलं. "ही काचेवरची चमक. या दोन्हींच्या मधे तुमचा चेहरा दिसतो." मग जरा थांबून, "तो दिसावा का, हा वेगळा प्रश्न."

कुठल्याही घराचं काम घेताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं, आणि कुठं?" मालक लोक गोंधळत. त्यांना इटालियन मार्बलबद्दल सांगायचं असे.

वाघोलीच्या बंगल्याचं काम आलं तेव्हा मीही सोबत होतो. मालक अण्णा. जमिनी विकून आता बिल्डर झालेले. त्यांना दिवाणखान्यात वारलेल्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, मोठं तैलचित्र लावायचं होतं. रस्त्याच्या धुळीपायी त्यावर काच बसवलेली. बाईंनी यंत्र काढून भिंतीवर लाल ठिपका टाकला मात्र, शेजारच्या बंगल्यातून अण्णांचे चुलते धावत आले. काखेत जमिनीच्या कागदांची पिशवी.

"मोजणी कशाची चाललीया? नोटीस कुठं हाय?"

"चित्राची मोजणी आहे," बाई म्हणाल्या. "हद्द तुमच्या भिंतीपर्यंत येत नाही."

चुलते तरी काम संपेपर्यंत दारातच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई रजेवर भंडाऱ्याला गेल्या आणि पुढचं सगळं माझ्यावर आलं. मी मनापासून केलं. चित्रावर भिंतीच्या तिप्पट उजेड, चौकटीची सावली नाही, पडद्यावर दादा नुसते झळकत होते. फक्त बाईंचा तो प्रश्न विचारायचा राहिला. अण्णांनी मला बाथरूमचे नळ दाखवायला नेलं होतं.

वास्तुशांतीला आठ दिवस उरले असताना अण्णांच्या आई नवं घर बघायला आल्या. जुन्या घरात त्यांचा नेम होता. रोज सकाळी दादांच्या फोटोखाली बसकर टाकून तांदूळ निवडायचे आणि आदल्या दिवसाचं सगळं दादांना सांगायचं. इथंही त्या चित्रासमोर भुईवर बसल्या. वर पाहिलं.

"ह्यांचं त्वांड कुठं हाय? मला नुसता दिवा दिसतुया."

"आई, उभी राहून बघ की," अण्णा म्हणाले.

"उभ्यानं कोण बोलतं रं नवऱ्याशी?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी आपली जुन्या घरातच बरी. तुम्ही ऱ्हावा हितं."

आणि खरंच निघून गेल्या. अण्णा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू आईला मीच घराबाहेर काढलं. एका अर्थी काढलंच होतं. मी बाईंना फोन लावला.

"त्या बसतात कुठं?"

"खाली. भुईवर."

"आणि तुमच्या मॉडेलमधला बघणारा माणूस?"

"उभा आहे."

"काहून उभा ठेवला बाप्पा त्याले? गुडघे नाहीत का त्याले?"

रजा मोडून तिसऱ्या दिवशी त्या हजर. आधी जुन्या घरी जाऊन आईंच्या शेजारी बसल्या, त्यांचे डोळे भुईपासून किती उंचीवर येतात ते मोजलं. सव्वादोन फूट. मग वाघोलीतच लॅपटॉप उघडून मॉडेलमधल्या माणसाला तेवढ्या उंचीवर बसवलं. पडद्यावर दादांच्या मिशीपासून कपाळापर्यंत पांढरा गोळा उमटला. सॉफ्टवेअरला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

"चित्र दीड फूट खाली घ्या. दिवा भिंतीकडे वीतभर," बाई म्हणाल्या.

"एवढं खाली? पाहुणे काय म्हणतील?" अण्णा.

"पाहुणे रोज तांदूळ निवडायला येणार आहेत का?"

अण्णांनी चित्र उतरवलं. संध्याकाळी आईंना समजावून आणलं. त्या बसल्या, पदर सारखा केला, वर पाहिलं. मग त्या चित्राकडे बघून म्हणाल्या, "बघितल्या का फरश्या? किती घसरड्या बसवल्यात तुमच्या पोरानं."

बाईंनी माझी बाही ओढली. "चला जी. आता आपलं काम नाही इथं."

वास्तुशांतीच्या दिवशी चित्र पाहायला येणारा प्रत्येक जण कमरेत वाकत होता. चुलतेही वाकले. दादांपुढे हयातीत त्यांनी मान झुकवली नव्हती, असं आई मला मुद्दाम बोलावून सांगत होत्या.

मागच्या वर्षी बाईंचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं भंडाऱ्याला परत गेली. निरोपाच्या दिवशी भाषण करा म्हटलं, तर "किती मिनिटं?" असं विचारून त्यांनी दोनच मिनिटं घेतली. जाताना मला म्हणाल्या, "तुमचे अंदाज काही सुटले नाहीत. पण आता आधी बसता, हे चांगलं झालं."

बसतो खरा. कुठल्याही साइटवर गेलो, की पहिल्यांदा भुईवर बसतो. मिस्त्री लोक धावत पाणी आणतात. त्यांना वाटतं, साहेबांना चक्कर आली.

बाई गेल्या त्या संध्याकाळी हे सगळं मी बायकोला पहिल्यापासून सांगितलं. ती नारळ खोवत होती. वाघोलीच्या आई दादांशी बोलायला लागल्या तिथं तिचा हात थांबला. मला वाटलं, डोळे पुसेल.

"तुमचा फोटो मी ओट्यासमोर लावणार आहे," ती म्हणाली. "तेव्हा तरी माझं बोलणं अर्धवट सोडून उठता येणार नाही तुम्हाला. आणि वेगळा दिवा नको. ट्यूब आहे तिथं."