शेवटची ओळ

चौलच्या आगरी आळीत लग्न ठरलं की भटजीच्याही आधी नीराबाईला निरोप जातो. ती धवलारीण, लग्नातले धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. हळद दळण्यापासून लेक उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाला धवला लागतो आणि ते सगळे धवले आता तिच्या एकटीच्या गळ्यात उरलेत. वय एकाहत्तर. गुडघे गेलेले. गळाही जातोय, पण ते ती कुणाला सांगत नाही.

आळीतल्या पूनमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पूनमचा भाऊ निकेश छापील कागद घेऊन आला. तो खारघरला नोकरी करतो. कागदावर किती वाजता काय ते सगळं लिहिलेलं. शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"आजी, हे तुझं. फिनाले. साडेपाचला, स्टेजवर. पाच मिनटं."

"काय ते?"

नात शिवानी भाजी चिरत होती. "शेवट गं आजी. पण मोठा. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत असतो ना, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, वरून कागद उडतात."

"शेवट मोठा कसा असंल? शेवट शेवटाएवराच."

"आता तसं राहिलं नाय," निकेश हसला. "आपल्या गावच्या क्रिकेट टुर्नामेंटच्या बोर्डावर पण यंदा ग्रँड फिनाले छापलं."

"त्यात तुमी हरलात."

"हरलो. पण फिनालेला हरलो."

नीराबाई हसली नाही. पाठवणीचा धवला अर्धा तास चालतो. तो मधूनच धरता येत नाही आणि अर्धा सोडता येत नाही. त्याच्या शेवटच्या ओळीत मुलीच्या आईचं नाव येतं. ते नाव घेतलं की आई मोकळी होते, मगच तिने जेवायचं, अशी या आळीची रीत. पूनमची आई किशोरी साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेते. पाठवणीच्या दिवशी ती सकाळपासून उपाशी राहणार, हे नीराबाईला ठाऊक होतं.

"अर्दा तास दे," ती म्हणाली.

"आजी, अर्ध्या तासात लोक निघून जातील."

तिने कागद त्याच्याकडे सरकवला. वाद घालायलाही दम लागतो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मांडवात जावयाच्या मित्रांचा नाच चालला होता. नीराबाई मागच्या पडवीत पाण्याच्या पिंपापाशी बसली आणि तिने पाठवणीचा धवला एकटीनेच सुरू केला. घड्याळ तिला लागत नाही. किती श्वासांचा धवला आहे हे तिला माहीत असतं. ज्या चार ओळी स्टेजवर म्हणायच्या तेवढ्याच शिल्लक राहतील, असा तिने हिशेब धरला होता. भांडी घासणाऱ्या बाया ये-जा करत होत्या. एकीने "काकी, पाय उचल" म्हणून पाण्याची बादली सरकवली. तिने पाय उचलले, धवला सोडला नाही.

साडेपाचला शिवानीने तिला हात धरून स्टेजवर नेलं. पूनम खाली मान घालून उभी. किशोरी पलीकडच्या बाजूला, फोटोवाल्याने तिला जिथे उभं केलं तिथे. निकेशने माईक दिला. नीराबाईने पहिली ओळ म्हटली. मांडव गप्प झाला. दुसरी. तिसरीत तिचा आवाज फाटला आणि ती श्वास घ्यायला थांबली.

त्या थांबण्यालाच कुणीतरी शेवट समजलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडाली, वरून चकचकीत कागद पडले, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. धवल्याला टाळ्या तिने जन्मात ऐकल्या नव्हत्या. डीजे सुरू झाला. कुणीतरी माईक काढून घेतला, कुणीतरी शाल घातली.

"एक नंबर, आजी! याला म्हणतात फिनाले!" निकेश तिच्या कानात ओरडला. त्याचे डोळे भरलेले होते.

आणि नीराबाई खुर्चीत बसली. चौथी ओळ बाकी आहे हे तिला कळत होतं. पण पाय दुखत होते, टाळ्या पडल्या होत्या, आणि क्षणभर तिलाही वाटलं, असंल, संपलं असंल. पूनमची गाडी रेवदंड्याच्या पुलाकडे निघून गेली तेव्हा ती तशीच बसलेली होती, केसांत कागदाचे तुकडे घेऊन.

मांडवाची कापडं सुटायला लागली तेव्हा शिवानी आली.

"आजी, किशोरीकाकी जेवत नाय. ताट पुढ्यात घेऊन बसलीय. सगळे सांगून दमले. काय झालं विचारलं तर म्हणते, काय न्हाय."

नीराबाईने हात पुढे केला. शिवानीने तिला उठवलं.

स्वयंपाकघरात किशोरी भिंतीला टेकून बसली होती. ताटात भात, वालाचं बिरडं, वर साय धरलेली. तिने वर पाहिलं. तक्रार करायची रीत नव्हती आणि आठवण द्यायचीही.

"मला ठावं व्हतं," नीराबाई म्हणाली. "तरी बसलू. चुकलं माजं."

"असूं दे काकी. दमलाव तुमी."

"दमलू तं हायेच."

खाली बसणं जमेना, म्हणून ती भिंत धरून उभीच राहिली. आवाज उरलाच नव्हता. सूरही नव्हता. सांगावं तशी तिने ओळ म्हटली:

*लेक खाडीपार गेली गो, किशोरी मायनं पदर सोरला.*

किशोरीने हातात धरून ठेवलेला पदर सोडला. रडली नाही. साय बाजूला केली आणि भात कालवला.

दारात निकेश उभा होता, हातात तो छापील कागद. "आजी, हे राहिलं होतं? मग मघाशी..."

"मघाशी तुमचं झालं," नीराबाई म्हणाली. "बाजूला व्हय. पानी दे तिला."