शेलार सरांची प्रॉक्सी

इंटरनेटच्या नव्या लाइनला प्रॉक्सी लागत नाही, म्हणून परवा मुरबाडच्या आमच्या कॉलेजातला जुना सर्व्हर बंद केला. बटण दाबायला एक सेकंद लागला. त्याचे किस्से मात्र चहाचे दोन राउंड झाले तरी संपेनात.

लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट त्या एका प्रॉक्सी सर्व्हरमधून जायचं. कुठली साइट उघडू द्यायची, तेही तोच ठरवायचा. शेलार सर लॅबचे प्रमुख, मी असिस्टंट.

लायब्ररीसाठी दुसरा लिनक्स सर्व्हर आला, तेव्हा त्याला या प्रॉक्सीचा पत्ता द्यायचा होता. सरांनी फाइलमध्ये ओळ लिहिली. नेट काही चालेना. चार दिवस आम्ही केबल बदलल्या, लिनक्सची सिस्टिम पुन्हा टाकली. पाचव्या दिवशी ग्रंथपाल सासेबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. कॉलेजच्या वार्षिक अंकाची प्रुफं त्याच तपासायच्या. म्हणाल्या, "बरोबरच्या चिन्हापुढे एक जागा जास्त सुटलीय." जागा काढली, नेट चालू.

शिपाई भोईरकाका आमचं बोलणं ऐकायचे. एकदा प्राचार्यांनी आम्हा दोघांना हजेरीपट घेऊन बोलावलं. काकांनी प्रामाणिकपणे कळवलं होतं, "लॅबमदी दोगं रोज प्रॉक्सी लावतात." ही प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या नावाची हजेरी नव्हे, हे सांगण्यात सरांचा अर्धा तास गेला. प्राचार्य शेवटी म्हणाले, "ते ठीक, पण सह्या स्वतःच करा."

आणि एक किस्सा सुमनचा. ती सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, गावात नेट नाही, म्हणून वडील तिला जीपने घेऊन आले. फॉर्मची साइट उघडेना. ती साइट आमच्या परवानगीच्या यादीत नव्हती, सर्व्हर अडवत होता. सुमन रडकुंडीला आली. वडील दाराबाहेर चपला काढून उभे. सरांनी त्यांना आत बसवलं आणि समजावलं, की हे मशीन ओळख असल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नाही. मग यादीत त्या साइटची ओळ घातली. साइट उघडली. पाच वाजायच्या आत फॉर्म गेला.

निघताना वडील सर्व्हरपाशी थांबले. म्हणाले, "सर, आमी रोज येणार नाय. त्याला सांगून ठेवा, सुमन नाव हाय तिचं. शिकायला निघालीय."

सर हसले नाहीत. परत खुर्चीत बसले, यादी उघडली आणि त्या ओळीच्या वर तिचं नाव टाइप केलं.